पंधरा फूट, उणे अर्धा

सोळाव्या वर्षी मला जगातल्या बहुतेक गोष्टींचा राग यायचा आणि त्यातही गणिताच्या पुस्तकाचा सगळ्यात जास्त. कारण सांगते. 'एका रेषेचा चढ तीन असून ती Y-अक्षाला उणे दोन या ठिकाणी छेदते, तर त्या रेषेचे समीकरण लिहा.' आता ही रेषा कोणाची, कुठल्या गावची, तिला तीनच चढ कोणी दिला आणि उणे दोनवरून निघायची पाळी तिच्यावर कोणी आणली, याचा पुस्तकात एका शब्दाने खुलासा नाही. लिहा म्हणे. मी तोवर आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाची पत्रकं लिहायला लागले होते. माझा चुलतभाऊ मंडळाचा पुढारी, पण त्याचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, म्हणून स्टेन्सिलच्या कागदावर मजकूर कोरायचं काम माझ्याकडे आणि हिंगोलीला जाऊन सायक्लोस्टाइल यंत्रावर त्याच्या प्रती काढून आणायचं काम त्याच्याकडे. पत्रकाचा आमचा नियम साधा होता. कोणी केलं, कोणावर केलं, आणि आता काय करायचं, एवढं पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. पुस्तकातलं एकही उदाहरण या परीक्षेत पास होत नव्हतं.

दहावीचे वर्ग आमच्याकडे उन्हाळ्यातच सुरू व्हायचे. शेख सर हिंगोलीहून जीपने यायचे, टपावरून उतरल्यासारखे धुळीने माखलेले, आणि रुमालाने आधी चष्मा पुसून मग तोंड पुसायचे. त्यांनी फळ्यावर y = mx + c लिहिलं आणि म्हणाले, "m म्हणजे चढ. एक पाऊल पुढं गेलं की रेषा किती वर गेली का खाली आली, ते. c म्हणजे चालायला लागायच्या आधी ती कुठं उभी होती, ते. बस. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की कोणतीबी रेषा लिहिता येते."

मी उभी राहिले. "सर, समद्या रेषा शून्यातूनच काहून निघत न्हाईत? काहींना आधीच वर काहून उभं केलं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "सुमन, प्रश्न बराबर हाय, पण बोर्डाच्या पेपरात येत न्हाई. तू असं कर, गावातून एक रेषा पकडून आण. तुझ्या ओळखीची. मंग तिच्याशी भांड."

आता पन्नाशी दिसायला लागल्यावर मला वाटतं, त्या माणसाला फक्त तास पुढे न्यायचा होता. पण मला तेव्हा कोणी काही काम सांगितलं की मी ते चळवळीचं काम समजत असे.

घरात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीचं, शोभाताईचं लग्न महिन्यावर आलं होतं. ओसरीत पापड, अंगणात बाजेवर कुरडया, आणि त्या कुरडयांवर कावळा बसू नये म्हणून काठी घेऊन बसलेली मी, मांडीवर मंडळाचं स्टेन्सिल. आतून जात्याची घरघर, मायचं आणि शेजारणींचं गाणं, मधेच कोणाच्या तरी नवऱ्याची नक्कल आणि हसणं. दुपारी जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबील, कारण चुलीसमोर दुसरं काही शिजवायला कोणी तयार नव्हतं. पाण्याचा रांजण मात्र कधीही बघा, काठोकाठ भरलेला. तो कोण भरतं हा प्रश्न मला पडला नव्हता. मला मोठे प्रश्न पडायचे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. वस्तीच्या विहिरीचं बांधकाम त्यांनीच दुरुस्त केलं होतं, आणि ते करताना आतल्या भिंतीवर तळापासून फुटाफुटावर चुन्याचे पांढरे पट्टे मारून ठेवले होते. एकूण पंचवीस. मला रेषा सापडली ती तिथे. पहिल्या दिवशी पंधरावा पट्टा पाण्याला टेकलेला होता. दोन दिवसांनी चौदावा. आणखी दोन दिवसांनी तेरावा. मी रोज सकाळी विहिरीच्या काठावर वही घेऊन बसायचे, रहाट कुईकुई करायचे, बाया माझ्या अंगावर पाणी सांडत जायच्या, आणि मी पट्टे मोजायचे. बसल्या बसल्या बायांच्या घागरीही मोजायचे. सगळ्यात जास्त घागरी आमच्या मागच्या गल्लीतल्या पारूमावशीच्या. दिवसाला बारा. घरात ती आणि तिचा नवरा, दोनच माणसं. मी तिचं नाव न घालता वहीत 'एक व्यक्ती : बारा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याभराने समीकरण तयार झालं. संध्याकाळी अप्पा हात-पाय धुऊन बाजेवर टेकले तेव्हा मी वही पुढे केली. "सुरुवातीला पंधरा फूट. रोजचा फरक अर्धा फूट. म्हणून y बरोबर अर्धा x अधिक पंधरा. लग्न बत्तिसाव्या दिवशी हाय. बत्तिसाचे अर्धे सोळा, अन् पंधरा. एकतीस फूट पाणी."

अप्पांनी वही हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. "इहीर पंचवीस फूट हाय," ते म्हणाले. "मंजे लग्नात पाणी काठावरून सहा फूट वर. वऱ्हाडाला पव्हायची सोय झाली म्हणायची."

आत शोभाताईला हसू आवरेना. मी लाल झाले. अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "सुमे, ढाळ किती हाय हे समदेच सांगतेत. ढाळ कुणीकडं हाय, ते आधी सांगावं. मी एकदा मोरीचा ढाळ उलटा काढला व्हता. समदं पाणी चुलीत."

मी अर्ध्याच्या आधी उणे लावलं. पंधरा वजा अर्धा x. आणि मग हसू थांबलं, कारण आता ते समीकरण सांगत होतं की तिसाव्या दिवशी विहीर कोरडी, आणि लग्न बत्तिसाव्या दिवशी. दोन दिवस कमी पडत होते. वरपक्ष कळमनुरीकडचा. त्यांनी आधीच निरोप धाडला होता की तुमच्याकडे पाण्याची तकलीफ असेल तर लग्न आमच्या दारात लावू. ताईला हे मान्य नव्हतं. ती कशालाच कधी हट्ट धरायची नाही, पण यावर मात्र ती मायला म्हणाली होती, "मी याच अंगणातून उठणार. दुसऱ्याच्या दारात नवरी म्हणून मी पाव्हणी जाणार न्हाई." हे वाक्य मी पत्रकासाठी वहीत उतरवून घेतलं होतं.

मी सरपंचांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त बसलेले असायचे. "इहीर आटली काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तिसाव्या दिवशी आटंल."

"मंग तिसाव्या दिवशी ये. पाणी असलेल्या गावाला टँकर देत न्हाईत. मी अर्जात काय लिव्हू, पाणी हाय पण पोरीचं गणित हाय?"

मी वर्गात जाऊन आले, दोन दिवस तणतणले, पुन्हा सरपंचांकडे गेले, पुन्हा तेच ऐकलं. शेवटी बाविसाव्या दिवशी, पाणी चौथ्या पट्ट्यावर असताना, मी माझं शस्त्र काढलं. 'जाहीर इशारा' असा मथळा. खाली आलेख, मी स्वतः स्टेन्सिलवर पट्टी धरून काढलेला : डावीकडे वर पंधरा, तिथून तिरकी खाली येत तिसावर जमिनीला टेकणारी रेषा. त्याखाली मजकूर. विहीर आजपासून आठव्या दिवशी कोरडी पडणार, गणिताने सिद्ध. याला जबाबदार कोण. काही भगिनी दिवसाला बारा-बारा घागरी ओढतात, त्यांना वस्तीची फिकीर आहे काय. टँकर मिळालाच पाहिजे. आजही मला तो मजकूर चांगलाच वाटतो. त्यातली एक ओळ सोडून.

चुलतभावाने दुपारपर्यंत घराघरांत कागद टाकले. परिणाम काय होईल याचा मी अंदाज केला होता : लोक ग्रामपंचायतीवर चालून जातील. प्रत्यक्षात लोक विहिरीवर चालून गेले. आठ दिवसांत पाणी संपणार हे छापून आलं म्हटल्यावर थांबतो कोण. पिंप, हौद, कोठीतली जुनी भांडी, धान्याच्या कणग्या रिकाम्या करून त्यात प्लास्टिक घालून पाणी. एका घरात पाळण्यात पाणी भरलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चारही रहाट एकदम ओरडत होते आणि मी काठावर उभी राहून सांगत होते, "आवं, आठ दिवस पुरतंय, रोजच्यासारखं भरा." एक आजोबा माझ्याकडे कागद घेऊन आले. त्यांनी आलेखातल्या रेषेवर बोट ठेवलं. "पोरी, ही पायपलाइन का? टाकीपसून उतार चांगला दिलाय. कवा सुरू व्हती?"

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत विहिरीत गाळ दिसला. लग्नाला नऊ दिवस होते.

सरपंच स्वतः चालत आले. विहिरीत वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आठ दिवस म्हनली व्हतीस. एका दिवसात आटली. तुझं गणित चुकलं."

"गणित चुकलं न्हाई," मी म्हणाले. "तुमी समद्यांनी चढ बदलला."

"बरं, बदलला. आता अर्ज करतो. पंधरा दिवसात टँकर येईल."

त्या संध्याकाळी माय चुलीला बोलत होती, "शिकवा लेकी, शिकवा. लोकाच्या लेकी शिकून मास्तरीण व्हत्यात, आमची शिकून इहिरी आटवती." शोभाताई कुरडया डब्यात भरत होती, आणि प्रत्येक कुरडई अशी ठेवत होती, जणू तो डबा दुसऱ्याच्या दारात उघडायचा आहे. ते मला मायच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी मी शाळेत जाऊन शेख सरांच्या पुढ्यात वही टाकली. आलेखात बाविसावर रेषा कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली गेली होती. सरांनी चष्मा पुसला. "वा," म्हणाले.

"वा काय सर. पाणी गेलं."

"कुठं गेलं?"

"लोकांच्या घरात."

"मंग गेलं कुठं? विहिरीची एक रेषा संपली. आता तुझ्या वस्तीत चाळीस रेषा झाल्या, घराची एकेक. समद्यांचा c वेगळा, कोणी किती भरलं त्यावर. अन् समद्यांचा m वेगळा, कोण किती खर्च करतं त्यावर. तू आता विहिरीचं काय बघत बसली? घरं बघ."

मी घरं बघितली. आणि मला जे दिसलं ते कोणत्याही पत्रकात मी लिहिलं नसतं, कारण त्यात कोणाला शिव्या द्यायची सोय नव्हती. विहिरीतलं पाणी सगळ्यांचं होतं तेव्हा बाया घागर विसळायला अर्धी घागर ओतायच्या. तेच पाणी आता स्वतःच्या पिंपात आल्यावर लोक तांब्याने मोजत होते. भांडी राखेने कोरडी घासून पुसली जात होती. आंघोळ एक दिवसाआड, पोरांची दोन दिवसाआड, आणि पोरं खूश. चार-सहा घरांत मी काठी बुडवून पाणी मोजलं, वाटीवाटीचा हिशेब लावला. रेषा इतक्या सपाट झाल्या होत्या की लग्नाच्या दिवशी प्रत्येक घरात पाणी शिल्लक राहणार होतं. प्रश्न एवढाच होता की ते माझ्या बहिणीच्या लग्नाला कोण देणार, आणि मागायला कोण जाणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मायने चूल फुंकता फुंकता दिलं. "ज्यानं इहीर आटवली त्यानं."

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दारोदार फिरले. पत्रक टाकताना दार वाजवायचं नसतं, कागद आत सरकवून पुढे जायचं असतं. मागताना थांबावं लागतं. घरामागे एक घागर, एवढीच मागणी. लोकांनी दिली, पण फुकट दिली नाही. "घे गं, पन आमच्याकडं आठव्या दिवशी आटंल असा कागद नको टाकू." "मास्तरीणबाई, ही घागर अधिक का उणे?" "आहेर म्हणून धर, भांडं परत आण." अडतीस घागरी जमल्या. आचाऱ्याने त्या बघितल्या, मिशीवरून हात फिरवला आणि अप्पांना म्हणाला, "बुंदी अन् वरण-भात व्हईल. पंगतीला प्यायला न्हाई पुरायचं. अजून दोन पिंपं पायजेत."

वस्तीत दोन पिंपं भरून ठेवलेलं घर एकच होतं.

पारूमावशी दारात तूर निवडत बसली होती. मी गेले तशी तिने वर बघितलं नाही. घडी घातलेला एक कागद तिने सुपाखालून काढला आणि माझ्यापुढे धरला. "मला वाचता येत न्हाई. तू वाच."

"मावशी, ते..."

"वाच. तूच लिव्हलं ना. माझा नवरा वाचतो पन अडखळतो. तू चांगली वाचती म्हनतेत."

मी वाचलं. विहीर, आठवा दिवस, जबाबदार कोण. बारा घागरींच्या ओळीशी आले आणि आवाज खाली केला. "मोठ्यानं," ती म्हणाली. "मंडळाच्या सभेत वाचती तसं." मी मोठ्याने वाचलं. शेजारच्या दोन दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं वाचून झाल्यावर पारूमावशीने सूप खाली ठेवलं.

"बारा बराबर मोजल्या. हुशार हायेस. आता ऐक. पाच माझ्या. तीन सोनाआजीच्या, तिचे गुडघे गेले तवापसून. किती झाल्या?"

"आठ."

"अन् चार तुमच्या रांजनात. तुझी माय लग्नाच्या कामात, शोभाला आता इहिरीवर धाडत न्हाईत, अन् तू काठावर बसून माझ्या घागरी मोजून राहिली व्हतीस. मी तुझ्या म्होरून तुझ्याच घरात पानी नेत व्हते, पोरी. वर बघितलं असतं तर दिसलं असतं."

दारातली एक बाई हसली. मी आयुष्यात पुष्कळ घोषणा दिल्या, पुष्कळ अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले, पण त्या दारात मी नुसती हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. पत्रकात माफीसाठी जागा नसते, त्यामुळे मला ती लिहायचा सराव नव्हता आणि बोलायचा तर त्याहून नाही. शेवटी मी म्हणाले, "चुकलं माझं, मावशी."

"मला सांगून काय? घराघरात सांगितलंस ना? घराघरात पूस."

दुसरं पत्रक काढायला ना वेळ होता ना स्टेन्सिल. त्यामुळे ते असं झालं. लग्नाच्या मांडवात, वऱ्हाड बसलेलं, पांढऱ्या साडीतली शोभाताई पाटावर, बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी भोंग्याचा माइक माझ्या हातात दिला गेला. मी घसा खाकरला आणि जाहीर केलं की बाविसाव्या दिवशी निघालेल्या पत्रकात एक चूक होती, पारूमावशी दिवसाला बारा घागरी भरतात हे खरं आहे, पण त्यातल्या पाच त्यांच्या, तीन सोनाआजींच्या आणि चार आमच्या, आणि तो हिशेब न विचारता छापल्याबद्दल मी जाहीर माफी मागते. वस्ती कान टवकारून ऐकत होती. वरपक्षाला काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं आमच्याकडची रीत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्या मुलाच्या मामाने शेजारच्याला विचारलं, "पारू मंजे नवरीची आत्या का?"

शोभाताईने त्या दिवशी एकदाच माझ्याकडे बघितलं, ते तेव्हा. ती डोळ्यांना पदर लावून हसत होती.

दोन्ही पिंपं सकाळीच मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्यामध्ये हातात तांब्या घेऊन पारूमावशी. पाणी दिलं होतं, पण त्याची किल्ली दिली नव्हती. पंगतीला माणशी एक पेला. सरपंचांनी दुसरा मागितला, तर ती म्हणाली, "टँकर आल्यावर." नवऱ्या मुलाच्या मामाला हात धुवायला पाणी हवं होतं, त्याला तिने आंब्याच्या पानाने हात पुसायला लावले आणि वर म्हणाली, "आमच्याकडची रीत हाय." शेख सर धुळीने माखून आले, एक पेला प्यायले, आणि दुसरा न मागता त्यांनी पेला माझ्याकडे परत दिला. "माणशी एक पेला. तुझ्या वहीतल्या समद्या रेषांत हा चढ मला आवडला," म्हणाले.

ताई उन्हं कलताना आमच्याच अंगणातून उठली. वऱ्हाडाची जीप रस्त्याला लागली, माय ओसरीत बसून रडून घेत होती, अप्पा मांडवाच्या दोऱ्या सोडत होते, आणि मी पिंपांशी आले. एक रिकामं झालं होतं. दुसऱ्यात खाली थोडं पाणी चमकत होतं. माझा हात आपोआप काठीकडे गेला. मी ती पिंपात उभी धरली आणि ओली खूण बोटांनी मोजायला लागले. चार बोटं.

"काय करून राहिली?" मागून पारूमावशी म्हणाली.

"बघते, किती उरलं."

तिने माझ्या हातातली काठी काढून घेतली, तांब्या खाली बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "सकाळपसून घोट घेतला न्हाईस," ती म्हणाली. "मोजू नको. पी."